दुसऱ्याच्या नावाने दिलेली परीक्षा

नोकरीतली बहुतेक प्रकरणं फाइल बंद झाली की माझ्या डोक्यातूनही गेली. हे एक मात्र अजून न बोलावता येऊन बसतं. यात रक्त सांडलं नव्हतं की कुणाचं घर फोडलं गेलं नव्हतं. कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत एका मुलीच्या जागी दुसरी मुलगी बसली होती, एवढंच. इथे मी कुणाचंच नाव देणार नाही. त्यातल्या दोघी अजून कोवळ्या वयाच्या आहेत आणि त्यांचं आयुष्य पुढे पडलं आहे.

वाचकांना प्रश्न पडेल म्हणून आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो. माझे वडील रत्नागिरीकडचे. बोटीवर इंजिनीअर होते आणि सिंगापूरच्या बंदराला लागले ते इथलेच झाले. मी तोआ पायोहच्या सरकारी फ्लॅटमध्ये वाढलो. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि मैदानावर चिनी पोरांकडून शिकलेल्या शिव्या, अशी माझी भाषांची तयारी. इथल्या प्रत्येक तरुणाला करावी लागते ती सक्तीची सेवा मी पोलीस दलात केली, तिथेच रमलो आणि तिथूनच निवृत्त झालो. हे प्रकरण आलं तेव्हा मी तपास अधिकारी होतो आणि निवृत्तीची भाषा घरी सुरू झाली होती.

चीनमधून इथे शिकायला येणारी मुलं पुष्कळ. तिकडे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेवर अख्खं आयुष्य टांगलेलं असतं, म्हणून ज्यांना झेपतं ते आईबाप मुलाला लवकर बाहेर काढतात. इथे येऊन बघतात तर परीक्षा इथेही पुढ्यात उभीच. बरेचदा आई मुलाबरोबर येऊन राहते आणि बाप तिकडे कमावत राहतो. अशा आयांना इथे 'स्टडी मामा' म्हणतात, चिनीत मामा म्हणजे आई. नवरा दूर, भाषा परकी, एका खोलीत संसार आणि डोळ्यांपुढे फक्त मुलाचा अभ्यास. मला या बायकांविषयी आदर वाटत आला आहे आणि थोडी भीतीही.

खबर फोनवर आली. तोआ पायोहच्या एका सभागृहात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एका कॉलेजची प्रवेश परीक्षा झाली होती. जागा थोड्या, उमेदवार भरपूर. निकाल लागला आणि एका खासगी क्लासने पहिल्या आलेल्या मुलीचा भलामोठा फोटो आपल्या काचेवर लावला. फोन करणारी बाई शहराच्या उत्तरेला, यिशुनमध्ये नखं रंगवण्याच्या दुकानात काम करत होती. तीही स्टडी मामाच. तिचं म्हणणं असं, की परीक्षा चालू होती त्याच सकाळी ही फोटोतली मुलगी तिच्यासमोर बसून नखं रंगवून घेत होती.

"तुम्हाला ती सकाळ इतकी पक्की कशी आठवते?" असं माझ्या सार्जंटने तिला विचारलं. माझी सार्जंट म्हणजे इथलीच चिनी बाई, हुशार, तोंडाने फटकळ, बोलताना वाक्याला इथला 'लाह' जोडणारी. बाईने उत्तर दिलं, "माझा मुलगा त्याच परीक्षेला बसला होता. मला सुट्टी मिळाली नाही. मी तिच्या नखांना रंग लावत होते आणि मनात त्याचे पेपर सोडवत होते."

सार्जंटने फोन ठेवला आणि ती म्हणाली, "सर, ही खोटं बोलत नाही लाह. अशी गोष्ट कुणी बनवून सांगत नाही."

मलाही तसंच वाटलं, पण वाटण्यावर खटला उभा राहत नाही. नखांच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण एव्हाना पुसलं गेलं होतं. फोटोतल्या मुलीला बोलावलं. ती वकिलासह आली आणि पेपर मीच लिहिला असं एका सुरात सांगत राहिली. उत्तरपत्रिकेतली एकदोन उत्तरं पुन्हा लिहून दाखव म्हटलं तर वकिलाने नकार दिला, तो त्यांचा हक्क होता. क्लास चालवणाऱ्या बाईला बोलावलं. बाहेरच्या मुलांना इथे एक स्थानिक जबाबदार माणूस लागतो, त्याला गार्डियन म्हणतात. ही बाई अशा बऱ्याच मुलांची गार्डियन होती. नीटनेटकी, मृदू बोलणारी. माझ्या टेबलावरची बायकोने दिलेली गणपतीची छोटी मूर्ती पाहून तिने हात जोडले. पोलीस ठाण्यात येऊन जो माणूस सगळ्यांना खूश करायला बघतो, त्याच्याकडे मी जरा जास्तच लक्ष देतो. पण तिच्याविरुद्ध हाती काही नव्हतं.

त्यात परीक्षेच्या दिवशी धूर होता. शेजारच्या देशात जंगलांना आगी लागल्या की तो धूर आमच्यावर येतो आणि सगळं शहर मास्क लावून फिरतं. सभागृहाच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण कॉलेजने जपून ठेवलं होतं, त्यात शेकडो मुलं दिसत होती आणि जवळजवळ सगळ्यांचे चेहरे झाकलेले. आत ओळख तपासताना मास्क काढायला लावले होते, पण पासपोर्टवरचा फोटो जुना, दोघी एकाच वयाच्या, चष्मा सारखा, कपाळावरची झुलपंही सारखी. पर्यवेक्षक स्वतः चिनी वंशाचा होता, त्यालाही काही खटकलं नव्हतं. पुण्याहून आलेले एक ओळखीचे गृहस्थ नंतर मला म्हणाले होते, "हे चिनी सगळे दिसतात सारखे आणि वागतातही सारखे." त्यांच्या मुलीला तेव्हा चार विषयांच्या चार शिकवण्या होत्या. मी त्यांना म्हटलं, साहेब, आपण आरशात बघू या का आधी? त्यानंतर त्यांनी मला बरेच दिवस चहाला बोलावलं नाही.

तर आम्ही अडकलो होतो. मी आणि सार्जंट ते चित्रण पुन्हा पुन्हा बघत होतो. मुलं आत गेली, फाटक बंद झालं. इथले आईबाप मुलाला सोडून कामावर जातात, त्यामुळे फाटकापाशी फारसं कुणी उरलं नव्हतं. एक बाई मात्र तेव्हाच येऊन उभी राहिली. रस्त्यापलीकडे, झाडाखाली, धुरात. अंगात उंच गळ्याचा लालभडक रेशमी झगा, ज्याला चॉंगसाम म्हणतात. मास्कही नव्हता. मी म्हटलं, "ही लग्नाला निघाली आहे का?"

सार्जंट हसली. "सर, ही चायनाची आई आहे. तिकडे मुलाची मोठी परीक्षा असली की आया लाल चॉंगसाम घालून फाटकाबाहेर उभ्या राहतात. शुभ असतं म्हणे. इथे कोण घालतं लाह असं? माझ्या मुलीच्या परीक्षेला मी हे घालून गेले तर पोरगी मला आई म्हणणार नाही."

मी चित्रण पुढे नेलं. बाई हलली नाही. सकाळ सरली, मुलं बाहेर आली. गर्दीतून करड्या जाकिटातली, मास्क लावलेली एक मुलगी झपझप तिच्यापाशी आली, तिचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. पेपर सुटल्यावर मुलं आईला बिलगतात, नाहीतर तिच्यावर चिडतात. ही मुलगी घाबरलेली होती. चेहरा दिसत नव्हता, पण इतकी वर्षं माणसं बघितल्यावर पाठीवरूनही तेवढं कळतं.

"ही कुणाची आई?" मी विचारलं.

हे शोधायला फार वेळ लागला नाही. क्लासखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, सार्जंटने चित्र दाखवलं तर सोया दूध विकणाऱ्याने लगेच ओळखलं. ही बाई चोआ चू कांग भागात गार्डियनबाईच्याच फ्लॅटमध्ये एका खोलीत राहत होती आणि तिथल्या मुलांचा स्वयंपाक करत होती. तिची मुलगी सतरा वर्षांची, क्लासमधली सगळ्यात हुशार. आम्ही उमेदवारांची नावं तपासली. या मुलीचं नाव त्यात नव्हतंच. तिने अर्जच केला नव्हता. मग जिच्या मुलीची परीक्षाच नाही, ती बाई लाल झगा घालून सकाळभर धुरात कशासाठी उभी होती?

मुलीच्या आधी आईला बोलवायचं, हे मी ठरवलं. पोलिसी हिशेबाने ते बरोबर होतं आणि आजही मी तसंच करीन. पण त्या दुपारी जे झालं ते पाहणं सोपं नव्हतं.

आई आली ती हातात फळांची पिशवी घेऊन. चेहरा उजळलेला, केस नीट बांधलेले. आम्ही पिशवी परत केली. सरकारी नोकराला भेट घेता येत नाही, हे सार्जंटने तिला समजावून सांगितलं. ती ओशाळली, पिशवी पायाशी ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. सार्जंट चिनीत बोलत होती आणि मला इंग्रजीत सांगत होती. मी पहिला प्रश्न मुद्दाम साधा ठेवला. त्या दिवशी तुम्ही सभागृहाबाहेर कशासाठी गेला होतात?

"माझ्या मुलीची परीक्षा होती ना," ती म्हणाली. जराही अडखळली नाही. "ती येऊ नको म्हणाली होती. तिला माझी लाज वाटते, मुलं अशीच असतात. पण माझ्या परीक्षेला तिच्या आजीने हेच केलं होतं, मग मी कशी नाही जाणार? ती आत गेल्यावर गुपचूप गेले."

बाई पुढे झुकली आणि म्हणाली, "साहेब, तिचा निकाल अजून आला नाही. बाकी सगळ्यांचे आले. गार्डियन म्हणते, कागदपत्रांत काही अडचण आहे. तुम्ही त्यासाठीच बोलावलं ना?"

आम्हाला हवं होतं ते सगळं तिने एका वाक्यात दिलं होतं आणि आपण काय दिलं हे तिला माहीत नव्हतं. ती अभिमानाने सांगत होती. खोटं बोलणाऱ्यांकडून खरं काढणं हे माझं काम. मला त्यात कधी वाईट वाटलं नाही, उलट मजाच वाटत आली. त्या दिवशी मात्र मला फार वाईट वाटलं. मी जबाब पूर्ण केला, सार्जंटकडून तिला वाचून दाखवला, सही घेतली आणि मग सार्जंटला म्हटलं, "आता तिला खरं सांग. बाहेर कुणाकडून कळायला नको."

सार्जंटने सांगितलं. बाईने आधी नुसती मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे. मग तिने पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती तशीच धरून बसून राहिली.

मुलीला त्याच दिवशी आणलं. अठरा वर्षांखालच्या मुलाची चौकशी करताना पोलिसांशी संबंध नसलेला एक स्वयंसेवक शेजारी बसवावा लागतो. तसा एक निवृत्त शिक्षक आम्ही बोलावला. मुलगी लहानखुरी, सरळ बसलेली, प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर. त्या सकाळी ती लायब्ररीत होती. करडं जाकीट कुणाकडेही असू शकतं. आईचा दिवसांत घोळ होतो. चांगली तयारी करवून घेतलेली मुलं अशीच बोलतात, परीक्षेतही आणि चौकशीतही.

मी आवाज चढवला नाही. पोराठोरांवर ओरडून घेतलेला जबाब कोर्टात टिकत नाही आणि टिकूही नये. मी फक्त विचारलं, "आई धुरात किती वेळ उभी होती, माहीत आहे तुला?"

तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "मी तिला सांगितलं होतं घालू नको म्हणून," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं येऊ नको. मी बाहेर आले आणि समोर ती. लाल. मला वाटलं आता संपलं सगळं." आणि ती रडू लागली. शिक्षकाने तिला पाणी दिलं. थोड्या वेळाने ती आपणहून बोलायला लागली. तिला मध्ये थांबवावं लागलं, कारण सार्जंटचं लिहिणं मागे पडत होतं.

हकिकत अशी. आई आणि मुलगी, दोघींचे इथे राहण्याचे पास त्या गार्डियनच्या हमीवर चालत होते. परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळी गार्डियनने मुलीला एकटीला बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं, यंदा तू अमकीच्या नावाने बस, तुझं पुढच्या वर्षी बघू. नाही म्हणालीस तर मी हमी काढून घेते, महिनाअखेर दोघी विमानात. आईला सांगितलंस तरी तेच. मुलगी चौदाव्या वर्षी शाळा सोडून इथे आली होती. परत जाऊन तिकडच्या मुलांच्या बरोबरीने त्या परीक्षेला बसणं आता तिला डोंगराएवढं वाटत होतं. ती म्हणाली, "आईने माझ्यासाठी बाबांना सोडलं. तिची नोकरी सोडली. मी तिला काय सांगणार, की आपल्याला परत पाठवतायत? एक वर्ष तर जाणार होतं. एक वर्ष मी भरून काढलं असतं."

"आणि ज्या मुलाची जागा गेली त्याचं वर्ष?" मी विचारलं. विचारणं भाग होतं.

तिने मान खाली घातली. "त्याचा विचार मी केला नाही," ती म्हणाली. हे उत्तर मला त्या सगळ्या जबाबातलं सगळ्यात खरं वाटलं.

पुढचं काम सरळ होतं. अक्षरतज्ज्ञाने उत्तरपत्रिकेतलं अक्षर तिचंच असल्याचं सांगितलं. गार्डियनचा फोन जप्त झाला, त्यात तिच्या सूचना सापडल्या. ती तुरुंगात गेली आणि शेवटपर्यंत नम्रच राहिली. नखं रंगवून घेणाऱ्या मुलीची जागा गेली आणि तिच्यावरही खटला झाला. पेपर लिहिणाऱ्या मुलीने सरकारच्या बाजूने साक्ष दिली. वय आणि दबाव पाहून तिला कडक ताकीद देऊन सोडलं. मात्र तिचा पास रद्द झाला आणि त्या परीक्षेला पुन्हा बसायला तिला कायमची बंदी आली. मला ही बंदी जड वाटली, पण चुकीची वाटली नाही. आज ही मुलगी हुशार आणि बिचारी आहे म्हणून सोडली, तर उद्या प्रत्येक गार्डियनला हुशार आणि बिचारी मुलगीच सापडेल.

रिकामी झालेली जागा यादीतल्या पुढच्या मुलाला मिळाली. तो यिशुनच्या बाईचा मुलगा नव्हता. तिचा मुलगा यादीत बराच खाली होता. सार्जंटने तिला फोन करून हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "असू दे. ज्याची होती त्याला मिळाली ना?" आणि आपल्या मुलाला गणितासाठी कोणता क्लास बरा, असं तिने सार्जंटलाच विचारलं.

मायदेशी जायच्या आधी दोघी पासपोर्ट न्यायला ठाण्यात आल्या. तपासात आम्ही ते ठेवून घेतले होते. आई वाळली होती. सार्जंटला कळलं होतं की त्या दिवसापासून आई मुलीशी बोललेली नाही. स्वयंपाक करते, ताट वाढते, पण शब्द नाही. मी पासपोर्ट दिले, सह्या घेतल्या. मुलगी दाराकडे वळली. आई मात्र जागची हलली नाही.

"साहेब, एक विचारू? तो पेपर तिने एकटीने लिहिला? कुणी तिला आतून-बाहेरून सांगत नव्हतं?"

"नाही. एकटीने लिहिला."

"म्हणजे पहिली आली ती हीच."

कागदोपत्री तो निकाल रद्द झाला होता. पहिला नंबर आता दुसऱ्याच कुणाचा होता. मी सार्जंटकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. "हो," मी म्हणालो. "हीच."

आई मुलीकडे वळली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलली. दोनतीन वाक्यंच. मुलगी तिथेच मटकन खाली बसली आणि आई तिच्या शेजारी जमिनीवर बसली. आमच्या काउंटरवर तेव्हा बरीच गर्दी होती, पण कुणी त्यांना उठा म्हटलं नाही. त्या गेल्यावर मी सार्जंटला विचारलं, काय म्हणाली ती?

सार्जंटने डोळे पुसले. "म्हणाली, मला का नाही सांगितलंस गं? आपण घरी गेलो असतो. घरी जायला मी केव्हाही तयार होते."

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते सांगून थांबतो. परीक्षेची राखण आम्ही पोलीस आणि पर्यवेक्षक करू शकतो ती फाटकाच्या आत. प्रश्न सगळ्यांना सारखे, वेळ सारखी, जागा ठरलेल्या. ते करायलाच हवं, त्यात दया नको. पण फाटकापर्यंत मुलं काय डोक्यावर घेऊन येतात, ते कुणी तपासत नाही. त्या मुलीला हाव नव्हती. एक वाक्य आईला सांगायची तिला भीती वाटली, आणि ते वाक्य ऐकून आईला काहीच वाटणार नव्हतं. त्या भीतीवर एका लबाड बाईने आपलं काम करून घेतलं. माझी बायको म्हणते की तेव्हापासून मी भेटेल त्या आईबापांना छळतो, आणि ते खरं आहे. ओळखीत कुणाच्या मुलाची परीक्षा असली की मी शुभेच्छा देत नाही. त्यांना बाजूला घेतो आणि विचारतो, नापास झालं तर घरी काय होईल, हे पोराला सांगून ठेवलं आहे का? अजून तरी एकानेही हो म्हटलेलं नाही.